भामिनी, एकनाथ आणि बिळगीच्या गोहरबाई

मराठी रंगभूमीवरची सगळ्यांत देखणी बाई म्हणजे एक पुरुष होता, एवढं आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधीतरी ऐकलेलं असतं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८, मृत्यू १५ जुलै १९६७. पुण्यातल्या रंगमंदिराचं नाव, २०११ साली आलेला सुबोध भावेंचा सिनेमा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे उसासे, इथे आमच्या पिढीची ओळख संपते. नाटकाचा सिनेमा होताना काय उरतं आणि काय सांडतं, यावर आमच्या वर्गात 'पिग्मॅलियन', 'माय फेअर लेडी', 'ती फुलराणी' अशी साखळी लावून झाली. साखळी छानच आहे. पण तिच्यात एक संहिता या हातातून त्या हातात जाते. एखादा माणूसच नाटकातून सिनेमात न्यायचा झाला तर काय होतं, हे बघायला बालगंधर्वांच्या आयुष्याइतकी दुसरी जागा मला सापडली नाही. शिवाय मी भालकीचा. या गोष्टीचा शेवटचा भाग पुण्यात जसा सांगितला जातो, तसा तो मला पटत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

नारायणाचा आवाज लहानपणीच घराबाहेर पोचला होता. १८९८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्या दहा वर्षांच्या पोराचं गाणं ऐकलं आणि त्याला बालगंधर्व म्हटलं. नाव चिकटलं ते कायमचं. कानाचा त्रास मात्र होता. उपचारासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला मिरजेला धाडलं, आणि तिथे किर्लोस्कर नाटक मंडळीशी गाठ पडली. मंडळी अडचणीत होती. तिचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांच्यामागे स्त्रीभूमिका पेलणारा तसा गळा मिळत नव्हता. १९०५ साली मिरजेत नारायणराव शकुंतला होऊन उभे राहिले. वय सतरा.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं म्हणजे नुसता चढ. १२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला, आणि भामिनी त्यांनीच केली. ही गोष्ट सगळीकडे निष्ठेची म्हणून सांगतात. मला ती वाचताना दरवेळी लक्ष्मीबाईंची, त्यांच्या पत्नीची, आठवण येते. त्या रात्री भामिनीला टाळ्या पडत होत्या तेव्हा त्या कुठे, कशा बसल्या असतील, याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

१९१३ साली गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे आणि बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. टेंबे काही वर्षांत तिथूनही निघाले, पण त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे वेगळ्याच वेषात येणार आहेत. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, त्याला संगीत भास्करबुवा बखल्यांचं. १९१९ साली गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आलं तेव्हा गडकरी स्वतः हयात नव्हते. रुक्मिणीचे शालू उतरवून बालगंधर्वांनी सिंधूचं ठिगळाचं लुगडं नेसलं आणि लोक त्या लुगड्यावरही तेवढेच भाळले.

आता त्या रात्री म्हणजे नेमकं काय असायचं ते सांगायला हवं, कारण सिनेमाला नेमकं तेच जमलं नाही. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि संपेपर्यंत मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असायची. पडदे मखमली, शालू खरे, थिएटरभर अत्तर. साथीला तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष. नाटकात पन्नासच्या आसपास पदं, आणि वन्स मोअर आला की तेच पद पुन्हा, पण दरवेळी नव्या वाटेनं. म्हणजे छापील नाटक एक आणि त्या रात्रीचं नाटक दुसरंच. बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायच्या, हे तर प्रसिद्धच आहे. पुरुषाकडे बघून बायकांनी बाईपण शिकावं यात आज आपल्याला वादाचा मुद्दा दिसतो, आणि तो आहेही. कुलीन बाईनं स्टेजवर यायचं नाही या बंदीवरच ही सगळी कला उभी होती. शेक्सपिअरच्या काळातल्या पोरांचंही तेच. इंग्लंडमध्ये १६६० नंतर बाया स्टेजवर आल्या आणि त्या पोरांचं काम संपलं. आपल्याकडे ते संपायला विसावं शतक उजाडावं लागलं, एवढाच फरक.

हे सगळं अंतरावर चालतं. मला हे पुस्तकात वाचायच्या आधी ठाऊक होतं. मी नववीत मुलांच्या बोर्डिंगात होतो आणि नाताळच्या नाटकात मुली नसल्यामुळे मरिया मला व्हावं लागलं. निळी ओढणी, स्वयंपाकघरातल्या मावशींचं पातळ, आणि ओठाच्या वर पावडरचा जाड थर, कारण मिसरूड फुटायला लागली होती. पटांगणात दोन-तीनशे माणूस खाली बसलेलं, उजेड दोन हॅलोजनचा. गव्हाणीजवळ मी अंगाई म्हटली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन आज्या पदरानं डोळे टिपत होत्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्टेजच्या कडेवरून मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघितला. तेच गाणं, तोच मी, आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. त्यात पावडरीखालची मिसरूड दिसत होती, गळ्याची घाटी खालीवर होताना दिसत होती. आज्यांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. मोबाइल फक्त जिथे बघायचं नसतं तिथे बघत होता.

बालगंधर्वांच्या आयुष्यात हा मोबाइल १९३१ साली आला. पण त्याआधी कर्ज आलं. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी नाटकाच्या वैभवाची ती सगळ्यांत उंच रात्र. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, आणि साधारण त्याच सुमारास गंधर्व मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर असल्याचं उघडकीला आलं. हिशेब ठेवणं हा नारायणरावांचा प्रांतच नव्हता. शालू मात्र खरेच हवे होते. पुढची कैक वर्षं त्यांनी गाऊन गाऊन कर्ज फेडलं.

१४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला. पहिल्या बोलपटांना नाटकापासून वेगळं व्हायचंही नव्हतं. १९३२ सालच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास गाणी होती, आणि मूळ गोष्ट नाटकाचीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्यात हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. आणि तारामती दुर्गाबाई खोटे. चांगल्या घरची शिकलेली बाई तारामती म्हणून पडद्यावर आली त्या दिवशी भामिनीचं काय होणार, ते ठरून गेलं. १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' केलं आणि स्टेजवरही बायांच्या भूमिका बायांनीच केल्या. आमच्या कन्नडवाल्यांची गंमत म्हणजे १९३४ सालचा पहिला कन्नड बोलपट, 'सती सुलोचना', चित्रित झाला कोल्हापुरात, आणि त्यात काम करणारे सुब्बय्या नायडू, नागेंद्रराव हे मूळचे नाटक कंपनीचेच लोक. दोन्ही भाषांतली नाटकवाली माणसं एकाच वेळी बाडबिस्तरा घेऊन स्टुडिओच्या दारात उभी होती असं डोळ्यांसमोर येतं. काहींनी स्वतःचाच स्टुडिओ मांडला. मास्टर दीनानाथांच्या बलवंत पिक्चर्सनं 'कृष्णार्जुन युद्ध' काढलं आणि त्यात कंपनीच बुडाली.

बालगंधर्व प्रभातकडे गेले. प्रभात तेव्हा नुकतीच कोल्हापूर सोडून पुण्यात आली होती. जिथे तिचा स्टुडिओ होता तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. करार सहा सिनेमांचा. पहिला सिनेमा संत एकनाथांवर, दिग्दर्शक व्ही. शांताराम, लेखन के. नारायण काळे, संगीत मास्टर कृष्णराव. नाव आधी 'महात्मा' होतं. अस्पृश्यतेचा विषय आणि त्यात हे नाव, म्हणजे गांधीजींचीच आठवण होणार, म्हणून सेन्सॉरनं हरकत घेतली आणि नाव झालं 'धर्मात्मा'. साल १९३५.

एकनाथ म्हणून बालगंधर्वांची निवड कागदावर किती बरोबर वाटते बघा. भजन, अभंग, सौम्य चेहरा, आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी बाई होऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहायची नामुष्की नाही. शांतारामांना कॅमेरा काय खातो ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी लुगडंच काढून घेतलं. पण लुगड्याबरोबर बरंच काही गेलं. तीस वर्षं ज्या शरीरानं चालायचं, वळायचं, लाजायचं ते शरीरच बाजूला ठेवून नुसतं गा म्हणून सांगितल्यासारखं झालं. त्यात शॉट तुकड्या-तुकड्यांत. समोर माणूस नाही, वन्स मोअर नाही, गाणं दोन-तीन मिनिटांत आटपायचं, आणि एकदा झालं की झालं, उद्या ते वेगळं व्हायचं नाही. लोकांनाही पुरुषवेषातले बालगंधर्व रुचले नाहीत. सिनेमा म्हणून 'धर्मात्मा'चा विषय धीट होता. ब्राह्मणांसाठी रांधलेलं अन्न एकनाथ अस्पृश्यांना वाढतात, हे १९३५ साली पडद्यावर दाखवणं साधं नव्हतं. त्याचं श्रेय प्रभातला द्यायलाच हवं. पण सहा सिनेमांचा करार त्या एकावरच संपला.

योगायोग बघा. त्याच १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणलं. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. ज्या माणसाची सगळी जादू चेहरा आणि गळा एकाच ठिकाणी असण्यात होती, तो स्टुडिओत शिरला आणि त्याच वर्षी यंत्रानं दोन्हीची फारकत केली.

दोन वर्षांनी त्यांनी उलटा प्रयोग करून पाहिला. १९३३ साली त्यांच्या कंपनीनं 'अमृतसिद्धी' नावाचं मीराबाईवरचं नाटक केलं होतं. बाबूराव पेंटरांनी १९३७ साली ते पडद्यावर आणलं, 'साध्वी मीराबाई' म्हणून, आणि मीरा झाले बालगंधर्व. प्रभातनं लुगडं काढून नाटकातलं गाणं घेतलं, पेंटरांनी लुगड्यासकट नाटकच घेतलं. दोन्ही वाटा बंद निघाल्या. सारा बर्नहार्टनं १९०० साली हॅम्लेट होऊन तलवारबाजीचा प्रवेश कॅमेऱ्यासमोर केला होता, म्हणजे बाई पुरुषाच्या वेषात. तो तुकडा मिनिटा-दोन मिनिटांचा आहे म्हणूनच बहुधा आपण कौतुकानं बघतो. तीन तास पाहवला असता का, शंका आहे.

आता गोहरबाई.

गोहर कर्नाटकी विजापूरकडच्या बिळगीच्या. त्यांची बहीण अमीरबाई कर्नाटकी, १९४३ च्या 'किस्मत'मुळे हिंदुस्थानभर पोचलेली. गोहरबाईही मुंबईच्या सिनेमात होत्या. १९३८ च्या सुमारास त्या बालगंधर्वांच्या कंपनीत आल्या. बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकून ऐकून ती गायकी त्यांनी अशी उचलली होती की गळा कुणाचा ते ऐकणाऱ्याला पटकन कळू नये. नायिकांची कामं हळूहळू त्यांच्याकडे आली आणि नारायणराव पुरुषांच्या भूमिकांत उभे राहू लागले. १९४० साली लक्ष्मीबाई गेल्या. पुढे बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. चाहते दुखावले, जुने आश्रयदाते दूर झाले. मग पाय अधू झाले, हातात पैसा उरला नाही. पुण्या-मुंबईकडच्या लिखाणात हा भाग सहसा घसरणीचा म्हणून येतो, आणि घसरण का झाली याचं बोट गोहरबाईंकडे वळलेलं असतं. मुसलमान बाई आली आणि गंधर्व हातचे गेले, असा एकूण सूर.

भालकीत बसून वाचलं की हा सूर कानाला खटकतो. आमच्याकडे घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात दख्खनी. माझ्या आजोबांची सगळी शाळा निजामाच्या राजवटीतली, उर्दूतून झालेली, आणि ते प्रार्थना मराठीत म्हणायचे. कन्नड मुलखातली मुसलमान बाई मराठी पद गाते यात आमच्या गल्लीत कुणाची भुवई वर जायची नाही. त्यामुळे मला त्या प्रकरणात घसरणीपेक्षा वेगळंच काही दिसतं. शांताराम आणि पेंटर, दोघेही आपापल्या कामात थोर, त्यांना जे माध्यमांतर साधलं नाही ते या बाईंनी केलं. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. स्टेजवर पाव-अर्धा तास फुलणारं पद त्यात कोंबलेलं असायचं. त्या कोंबलेल्या तीन मिनिटांतून गोहरबाईंनी ती गायकी परत सोडवली, आणि स्टेजवर स्वतःच्या अंगानं उभी केली. नाटकातून यंत्रात आणि यंत्रातून पुन्हा नाटकात. वर्गात आपण याला शब्द देतो, त्यांनी ते पोटासाठी आणि प्रेमासाठी केलं. आणि फरक एवढाच की आता भामिनी खरोखर बाई होती. मराठी प्रेक्षकाला पुरुषाचं बाईपण चाललं होतं, या बाईचं चाललं नाही. का चाललं नाही? ती बाई होती म्हणून, मुसलमान होती म्हणून, की मूळ चेहरा आठवत होता म्हणून? मला वाटतं तिन्ही, पण मधलं कारण आपण मोठ्यानं बोलत नाही.

गोहरबाईंनी त्यांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही. पाय गेलेल्या माणसाचं सगळं त्या करत होत्या. १९५५ साली बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ साली पद्मभूषण. त्याच १९६४ साली गोहरबाई गेल्या. तीन वर्षांनी पुण्यात ते गेले. पुण्याच्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हातून बसली होती. इमारत उघडली ती २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी.

२०११ च्या रवी जाधवांच्या 'बालगंधर्व'मध्ये चेहरा सुबोध भावेंचा आहे आणि गळा आनंद भाट्यांचा. दोघांनीही कमाल केली आहे, मी तो सिनेमा तीनदा पाहिलाय. तरी गाणं सुरू झालं की दरवेळी मनात येतं की एक बालगंधर्व करायला सिनेमाला दोन माणसं लागली. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान'चाही सिनेमा आला. भामिनी आता वैदेही परशुरामी, आणि गाण्यांची नव्यानं मांडणी. तो बघून नाराज झालेले लोक कट्ट्यावर भेटले. मला तेवढा राग आला नाही. जी गोष्ट स्वतः बालगंधर्वांना पडद्यावर नेता आली नाही ती दुसऱ्या कुणी त्यांच्यासारखीच न्यावी ही अपेक्षा कशाला? वेगळं काही केलं तरच काहीतरी हाती लागण्याची शक्यता. 'कट्यार काळजात घुसली' २०१५ साली पडद्यावर चाललं ते त्यामुळेच, आणि 'कट्यार'चा स्टेजवरचा पहिला प्रयोग झाला होता डिसेंबर १९६७ मध्ये, बालगंधर्वांना जाऊन पाच महिने झाले होते.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी पेन ड्राइव्हवर दोन जुनी रेकॉर्डिंग आणतोय. एक त्यांचं, एक गोहरबाईंचं. नावं न सांगता लावणार आहे. ज्यांना मूळ आवाज लगेच ओळखू येतो अशी खात्री आहे त्यांनी पुढच्या बाकांवर बसावं.